कॉर्व्हेट नर्फ (म्हणजे कमजोर) केली. निम्मे म्हणतात मेली, निम्मे म्हणतात अजून ओपी (म्हणजे अति ताकदवान). ऐकायचं कोणाचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर इथेच कळेल. तुम्ही तिघं मिळून अंतराळातला रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम करताय आणि तो अर्ली ॲक्सेसमध्ये आहे, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच विक्रीला आहे. मिसाइल कॉर्व्हेट फारच वरचढ आहे अशी ओरड झाली, म्हणून गेल्या पॅचमध्ये (गेमच्या सुधारित आवृत्तीत) तिच्या क्षेपणास्त्राचं डॅमेज ३४ वरून ३० केलंत. आता निम्मे खेळाडू म्हणतायत कॉर्व्हेटची वाट लावली, निम्मे म्हणतायत काहीच फरक पडला नाही, आणि रिव्ह्यू लाल व्हायला लागलेत. तुमच्याकडच्या नोंदींनुसार कॉर्व्हेटवर भर देणारा पक्ष पॅचनंतरच्या १८० सामन्यांत ५६ टक्के जिंकलाय. ऐकायचं कोणाचं, खेळाडूंचं की आकड्यांचं, आणि बदल मागे घ्यायचा का, हे तुम्हाला हवंय.

मी १२ वर्षं स्ट्रॅटेजी गेम्सच्या बॅलन्सचंच काम करतोय. माझं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: तुमचे खेळाडू एकमेकांशी खेळतात की बहुतेक जण कॉम्प्युटरशी, रोज किती सामने होतात, पक्ष किती आहेत. पण तुम्ही युनिट्सचा तक्ता दिलात हे फार बरं केलंत. तो समोर ठेवून दहा मिनिटं बसलो आणि मला वाटतं तुमचे दोन्ही निम्मे बरोबर आहेत.

तक्त्यात इंटरसेप्टरचं हल (जहाज किती डॅमेज सोसतं तो आकडा) १०० आहे, फ्रिगेटचं १२० आणि क्रूझरचं ३००. डॅमेज ३४ असताना इंटरसेप्टर ३ क्षेपणास्त्रांत पडायचं (१०२). ३० केल्यावर ३ मध्ये ९० च होतात, म्हणजे चौथं लागतं. फ्रिगेटला आधी ४ लागायची (१३६) आणि आताही ४ च लागतात, कारण ३० गुणिले ४ बरोबर १२०. क्रूझरला ९ ऐवजी १०. तुम्ही कागदावर १२ टक्के कपात केलीत. इंटरसेप्टरशी लढणाऱ्याच्या दृष्टीने कॉर्व्हेटला एक तृतीयांश जास्त क्षेपणास्त्रं लागायला लागली. फ्रिगेट घेऊन कॉर्व्हेटला सामोरं जाणाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही काहीही केलेलं नाही. आणि गंमत म्हणजे ३० ऐवजी ३३ केलं असतं तरी या तिन्ही ओळी जशाच्या तशा आल्या असत्या.

तर "कॉर्व्हेट मेली" म्हणणारे कदाचित इंटरसेप्टरवाल्यांसमोर खेळतायत आणि "अजून ओपी" म्हणणारे फ्रिगेट बांधून मार खातायत. हा माझा अंदाज आहे. तो खरा की खोटा हे तुमचे रिप्लेच, म्हणजे सामन्यांची रेकॉर्डिंगच, सांगतील. पण उलटसुलट तक्रारी एकाच वेळी आल्या की "लोकांना काहीच पटत नाही" असं म्हणून सोडून द्यायचं नाही. एकाच युनिटबद्दल दोन टोकाची मतं येतात तेव्हा बहुतेक वेळा ती माणसं दोन वेगळे सामने खेळत असतात. मत मोजण्याआधी ते कुठल्या सामन्यातून आलंय ते विचारा.

किती माऱ्यांत युनिट पडतं ती एक पायरी, आणि या पायऱ्यांचा हिशोब मोठ्या गेम्सनाही चुकत नाही. स्टारक्राफ्ट २ बाजारात आला २०१० साली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या पॅचमध्ये सीज टँकचं सीज मोडमधलं (एका जागी रोवून लांबवर मारा करतानाचं) डॅमेज ५० वरून ३५ केलं, चिलखती युनिट्सना मात्र वरचे १५ मिळून ५० च ठेवलं. मरीन या साध्या सैनिकाचं आयुष्य ४५. म्हणजे आधी नेम लागला की मरीन एका गोळ्यात जायचा, नंतर दोन लागायला लागले. हायड्रालिस्क या दुसऱ्या युनिटचं ८०, तिथे दोनाचे तीन झाले. त्यांनी जाणूनबुजून हलक्या युनिट्सपुरती पायरी हलवली आणि चिलखतींना हात लावला नाही. तुमची पायरी नकळत हलली, एवढाच फरक.

आता विन रेट, म्हणजे जिंकण्याचं प्रमाण. ५६ टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण सामने १८० च आहेत. एवढ्याशा नमुन्यात नुसत्या नशिबाने साधारण ७ टक्के इकडेतिकडे होतात. खरा आकडा ४९ ते ६३ च्या मध्ये कुठेही असू शकतो. चूक २ टक्क्यांच्या आत आणायची तर अडीच हजारांच्या आसपास सामने हवेत, आणि अर्ली ॲक्सेसमधल्या छोट्या गेमकडे ते सहसा नसतात. म्हणून तुमच्यासारख्यांना मी एकच गोष्ट आधी तपासायला सांगतो: त्या १८० पैकी किती सामने एकाच माणसाचे आहेत? माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एका पक्षाला दोन पॅच सलग छाटत राहिलो. नंतर कळलं की त्या पक्षाच्या विजयांपैकी मोठा वाटा दोनच खेळाडूंचा होता. ते रात्री उशिरा ऑनलाइन यायचे आणि समोर येईल त्या नवख्याला लोळवायचे. पक्ष ठीक होता, ते दोघं चांगले होते. छाटलेलं परत द्यायला आम्हाला आणखी एक पॅच लागला आणि मधल्या काळात तो पक्ष आवडीने खेळणारे साधे लोक निघून गेले, ते काही परत आले नाहीत.

उद्या खेळाडू वाढले आणि रेटिंगवर जोड्या लावणारं मॅचमेकिंग आलं, की आकडे उलट्या बाजूने फसवतील. अशी व्यवस्था प्रत्येकाला ५० टक्क्यांकडे ओढते, तिचं कामच ते. कमजोर पक्ष खेळणारा हरत हरत खाली घसरतो आणि अशा जागी स्थिरावतो जिथे त्याच्यापेक्षा कच्चे खेळाडू भेटतात. मग विन रेट पुन्हा ५०. तक्त्यात सगळं छान दिसतं आणि लोक मात्र ओरडत असतात. तेव्हा मी बघतो ते दोन्ही पक्ष खेळणारे लोक. एकाच माणसाचं एका पक्षावर रेटिंग दुसऱ्यापेक्षा १०० ने जास्त असेल, तर एलो या रेटिंगच्या पद्धतीत तो फरक साधारण ६४ टक्के विजयाच्या अपेक्षेइतका आहे. असे तीस-चाळीस जण एकाच दिशेला झुकलेले दिसले की मी कान टवकारतो.

मग खेळाडूंचं ऐकायचं की नाही? ऐकायचं, पण ते सुचवतात तो उपाय बाजूला ठेवून. त्यांना विचारायचं: "सामना हातातून गेला असं कोणत्या मिनिटाला वाटलं, आणि त्याच्या आधीच्या मिनिटात तुम्ही काय करत होता?" माझ्या सगळ्या कारकिर्दीत याच्याइतका उपयोगी प्रश्न मला दुसरा सापडलेला नाही. एक उदाहरण जरा खोलात सांगतो.

आमच्या एका गेममध्ये टॉर्पेडो बॉम्बर होतं. तक्रारींचा पाऊस पडला: डॅमेज अति आहे. विन रेट बघितला तर बॉम्बर जास्त बांधणारे ४९ टक्के जिंकत होते. आम्ही म्हटलं, आकडा काही बोलत नाही, पण लोक इतके चिडलेत तर थोडं कमी करू. डॅमेज कमी केलं. तक्रारी तेवढ्याच राहिल्या, फक्त आता बॉम्बरवालेही चिडले. तेव्हा कुठे आम्ही वीस-पंचवीस जणांना वरचा प्रश्न विचारला आणि त्यांचे रिप्ले मागवले.

पहिलाच रिप्ले अजून डोळ्यांसमोर आहे. खेळाडूच्या दोन क्रूझर एका लघुग्रहाच्या खाणीजवळ उभ्या, तोंड शत्रूच्या तळाकडे. बॉम्बर मागच्या बाजूने धुक्यातून, म्हणजे नकाशाच्या न दिसणाऱ्या भागातून, बाहेर आले. ते सेन्सरच्या टप्प्यात आल्यापासून पहिला टॉर्पेडो लागेपर्यंत ९ सेकंद. त्या माणसाने दुसऱ्याच सेकंदाला क्रूझर वळवायची आज्ञा दिली होती, म्हणजे लक्ष चांगलं होतं. पण आमची क्रूझर पूर्ण वळायला १२ सेकंद घ्यायची. तो बघत होता, त्याला काय करायचं ते कळत होतं, त्याने ते केलंही, आणि तरी जहाज अर्धं वळलेलं असतानाच टॉर्पेडो बसला. पुढचे रिप्लेही थोड्याफार फरकाने तसेच. लोकांनी "डॅमेज" हा शब्द वापरला, कारण हल बारमध्ये दिसतं ते डॅमेजच. सेन्सरचा टप्पा आणि वळायचा वेग यांतली तीन सेकंदांची तूट कोणाला दिसणार? आम्ही डॅमेज होतं तसं परत दिलं, क्रूझरच्या सेन्सरचा टप्पा वाढवला आणि मागून धोका येतोय असा एक आवाज टाकला. ओरड जवळपास थांबली. बॉम्बरचा विन रेट फारसा हलला नाही.

तेव्हापासून तक्रार आली की मी आधी बघतो की खेळाडूला उत्तर उपलब्ध होतं का. उत्तर होतं पण माहीत नव्हतं, माहीत होतं पण वेळ नव्हता, की उत्तरच नव्हतं? पहिल्या दोन्हींसाठी डॅमेजला हात लावायची गरज नसते. नवख्यांना छळणारी आणि कसलेल्यांना किरकोळ वाटणारी अदृश्य होणारी जहाजं बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात मोडतात.

तुम्ही पुढचा विचार म्हणून लिहिलंय की फ्रिगेटवाल्यांचं समाधान करायला फ्रिगेट २० टक्के स्वस्त करावी. हे मात्र करू नका, निदान एवढ्या मोठ्या पावलाने नको. २० टक्के स्वस्त म्हणजे तेवढ्याच पैशात २० ऐवजी २५ फ्रिगेट. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेला हिशोब इथे लागू पडतो: सगळ्या तोफा एकाच वेळी मारा करू शकत असतील, तर ताफ्याची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. २५ चा वर्ग ६२५, २० चा ४००. ताफा सव्वापट नाही, दीडपटीपेक्षा जास्त ताकदवान झाला. अंतराळातल्या गेम्समध्ये हे जास्तच जाणवतं, कारण मोकळी जागा असते, डोंगर-दऱ्या नसतात, मागचं जहाजही मारा करू शकतं. तुमच्या नकाशावर अरुंद जंप गेट असतील तर तिथे हा वर्ग पुरता लागू होणार नाही. जहाजं रांगेने आली की एकेकटी मरतात. पण तुम्ही पाठवलेल्या चित्रांत तरी मोकळं मैदानच दिसतंय. जमीन, जागा, गेट यांनी बॅलन्स सुधारता येतो हेही ध्यानात ठेवा. पहिल्या स्टारक्राफ्टला बॅलन्स बदलणारा शेवटचा मोठा पॅच २००१ साली आला. त्यानंतर कोरियातल्या स्पर्धांनी वर्षानुवर्षं नकाशे बदलूनच पक्षांचं पारडं सांभाळलं.

त्याच गेममधली आणखी एक गोष्ट, घाई करणाऱ्या प्रत्येक डिझायनरला मी सांगतो ती. २००७ च्या मार्चपर्यंत चर्चा अशी होती की झर्ग हा पक्ष खेळणाऱ्या सेव्हिअरसमोर प्रोटॉस या पक्षाचं काही चालत नाही. मग एमएसएल या कोरियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत बिसू या खेळाडूने प्रोटॉस घेऊन त्याला ३-० ने हरवलं. कॉर्सेअर आणि डार्क टेंप्लर या प्रोटॉसच्या दोन युनिट्सची सांगड घालणारी त्याची पद्धत पुढे कित्येकांनी उचलली. बॅलन्सच्या शेवटच्या पॅचला तेव्हा जवळपास सहा वर्षं झाली होती. एकही आकडा बदलला नव्हता. उत्तर गेममध्ये होतंच, शोधायला वेळ लागला. अर्थात तुम्ही सहा वर्षं थांबू शकत नाही आणि तुमच्या खेळाडूंमध्ये बिसू असेलच असंही नाही. पण पॅचनंतरचे पहिले दहा-बारा दिवस मी आकडे बघतो आणि हात बांधून बसतो. त्या काळात लोक जुन्या सवयीनेच खेळत असतात, किंवा ज्याला बफ मिळाला (म्हणजे ज्याची ताकद वाढवली) ते सगळेच एकदम वापरून बघत असतात.

थांबण्याचं दुसरंही कारण आहे: बदल करतो एका ठिकाणी आणि दिसतो दुसरीकडे. स्टारक्राफ्ट २ मध्ये मे २०१२ ला झर्गच्या क्वीन या युनिटचा जमिनीवरच्या युनिट्सना मारण्याचा टप्पा ३ वरून ५ केला. हेतू साधा होता, झर्गला सुरुवातीला जरा सुरक्षितपणा मिळावा. तो मिळाला. इतका मिळाला की सुरुवातीचा दबाव बोथट झाला, झर्ग निवांत तिसरा तळ उभारायला लागले आणि सामन्याच्या शेवटी इन्फेस्टर आणि ब्रूडलॉर्ड या जबर युनिट्सचा ताफा घेऊन उभे राहायला लागले. पुढे कित्येक महिने लोक त्या शेवटच्या ताफ्यावर चिडले होते. चौथ्या-पाचव्या मिनिटातला बदल विसाव्या मिनिटात दुखायला लागला. तुमची कॉर्व्हेट लवकर मिळणारं युनिट आहे, तेव्हा ती कमजोर झाल्यावर उशिरा कोण माजलंय ते बघून ठेवा.

रिव्ह्यूंबद्दल. तुम्ही सांगितलं नाहीत, पण तुमच्या लाल रिव्ह्यूंपैकी बरेचसे कॉम्प्युटरशी एकटे खेळणाऱ्यांचे असतील अशी मला शंका आहे. त्यांना स्पर्धेतल्या न्यायाशी देणंघेणं नसतं. अशा एखाद्याने महिनाभर एक ताफा जमवलेला असतो, आवडीचं नाव दिलेलं असतं, आणि मंगळवारी तो ताफा अचानक हरायला लागतो. स्टेलारिस या अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेमने फेब्रुवारी २०१८ च्या २.० आवृत्तीत ताऱ्यांमधल्या प्रवासाच्या तीन सुरुवातीच्या पद्धतींपैकी दोन काढून सगळ्यांना हायपरलेनवर आणलं. कारण पटण्यासारखं होतं: सगळे ठराविक वाटांनीच येणार असतील तरच सीमा आणि तटबंदीला अर्थ. तरीही बऱ्याच जणांना आपली खेळायची पद्धतच हिसकावल्यासारखं वाटलं. तिथे एक गोष्ट चांगली होती: ज्याला नवं नको त्याला स्टीमवर जुनी आवृत्ती निवडून आपला चालू डाव पुरा करता येत होता. तुम्हीही हे करा. जुनी बिल्ड (आधीची आवृत्ती) वेगळ्या शाखेवर ठेवायला अर्धा दिवस लागतो आणि सगळ्यात कडवट रिव्ह्यू त्याने टळतात.

पॅच नोट्समध्ये तुम्ही लिहिलंत, "मिसाइल कॉर्व्हेट: डॅमेज ३४ → ३०." एवढंच. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, म्हणून तो स्वतःच कारण रचतो, आणि रचलेलं कारण कधीच तुमच्या बाजूचं नसतं. दोन वाक्यं पुरतात: काय अडचण दिसली, आणि या बदलाने काय व्हावं असं वाटतं. दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. "फ्रिगेटला पळून जायला एक क्षेपणास्त्र जास्त वेळ मिळावा" असं लिहायला बसला असतात, तर फ्रिगेटचा हिशोब करून बघितला असतात आणि ४ चे ४ च राहतायत हे तिथेच दिसलं असतं. मी स्वतः आता नोट्स आधी लिहितो, बदल नंतर करतो.

आता तुमच्या कॉर्व्हेटचं काय. सरसकट मागे घेऊ नका आणि पुन्हा छाटूही नका. या आठवड्यात फक्त तक्रारी दोन ढिगांत लावा: तक्रार करणाऱ्याच्या शेवटच्या पाच सामन्यांत समोर किंवा हातात इंटरसेप्टर जास्त होती की फ्रिगेट. पन्नासेक तक्रारी पुरतील, एका संध्याकाळचं काम आहे. ढीग माझ्या अंदाजाप्रमाणे वेगळे झाले, तर डॅमेज ३४ वर परत न्या आणि फ्रिगेटचं हल १२० वरून १४५ करून बघा. इंटरसेप्टर पूर्वीसारखं ३ मध्ये पडेल, फ्रिगेटला ५ लागतील. १४० का नको, तर पहिल्या अपग्रेडने डॅमेज ३५ झालं तरी ४ क्षेपणास्त्रांत १४० होतात आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. १४५ मात्र ३६ पर्यंत टिकतं. अपग्रेड त्याहून मोठं असेल तर आकडा त्या हिशोबाने वर न्या. फक्त फ्रिगेटला मारणारी बाकीची शस्त्रं एकदा याच पद्धतीने तपासा, कारण हल वाढलं की ते सगळ्यांविरुद्ध वाढतं. तोफेच्या किंवा लेझरच्या एखाद्या ओळीत २ चे ३ होत असतील, तर तिकडून नवी ओरड येईल.

ढीग वेगळे झालेच नाहीत, दोन्हीकडे सारखीच भेसळ निघाली, तर माझा अंदाज चुकला. मग प्रत्येक ढिगातले पाच रिप्ले उघडा आणि घड्याळ लावून बघा की कॉर्व्हेट दिसल्यापासून पहिलं क्षेपणास्त्र लागेपर्यंत किती सेकंद जातात. तो आकडा इथेच टाका, त्यावरून पुढचं बोलू. आणि नवा पॅच काढताना वरचा ३-४-९ आणि ४-४-१० चा तक्ता नोट्समध्ये तसाच चिकटवा. "३० पर्यंत कापणं जास्त होतं, ३३ तरी करायचं होतं" असं म्हणणारे चार जण हमखास येतात.